दार कुणासाठी उघडतं

१९९३ साली सावनकुमार टाक यांचा ‘खलनायिका’ आला. त्याच वर्षी सुभाष घईंचा ‘खलनायक’ गाजत होता, त्यामुळे नाव ऐकून पुष्कळांना ही त्याचीच कुणी चुलत बहीण वाटली. विट्यात आमच्या गल्लीने तो पाहिला गणपतीत, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. जीतेंद्र, जयाप्रदा, लहान बाळ, आणि ते बाळ सांभाळायला घरात आलेली अनु अगरवाल. ही आया मनात सूड धरून आली आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, घरातल्यांना नसतं. सगळी भीती एवढ्यावरच उभी. पण सतरंजीवर पुढे बसलेल्या बायकांना वेगळाच प्रश्न पडला होता. त्यातली एक मोठ्याने म्हणाली, “हिची सासू कुठं हाय?” दुसरीने विचारलं, बाळंतपणाला माहेरी का नाही गेली? तिथेच सिनेमाची हवा गेली.

समीक्षकांनी या सिनेमावर जे लिहिलं असेल ते असो, मला ही टीका नेमकी वाटते. सासू, जाऊ, आत्या आणि शेजारीण ओलांडून अनोळखी बाई पाळण्यापर्यंत पोचणार कशी? त्या वेळच्या आमच्या खानापूर तालुक्यात बाळ सांभाळायला पगारी माणूस ठेवणारं घर शोधावं लागलं असतं.

‘खलनायिका’ ज्यावर बेतला तो ‘द हँड दॅट रॉक्स द क्रेडल’ कर्टिस हॅन्सनने १९९२ साली अमेरिकेत काढला होता. तिथली नवरा-बायको-मुलं एवढीच चौकट या गोष्टीला अगदी मापाची होती. रेबेका डी मॉर्नेने रंगवलेली पेटन आईच्या नकळत बाळाला स्वतः पाजते, मग बाळ आईचं दूध घेईनासं होतं. घरी कामाला येणारा सॉलोमन हा मनाने लहान राहिलेला भला माणूस. तिचं गुपित तोच पाहतो. ती त्याच्यावर घाणेरडा आळ घेते आणि मालकीण त्याला हाकलून देते. सिनेमा पाहून लोकांच्या लक्षात पेटन राहिली. माझ्या मते त्यातली सगळ्यात खरी गोष्ट सॉलोमनची आहे: संशय घ्यायची वेळ आली तेव्हा तो चुकीच्या गरिबावर गेला.

दूध पाजून घात करणारी बाई आपल्याला नवी नव्हती. पूतना गोकुळात शिरली ती देखण्या बाईचं रूप घेऊन आणि यशोदेच्या डोळ्यांदेखत तिने बाळ उचललं. फरक आहे तो शेवटात. आपल्या परंपरेने पूतनेला मारलं, पण विषाने का होईना, स्तन दिला म्हणून आईची गतीही दिली. हॉलिवूडने पेटनला माळ्याच्या खिडकीतून खाली कुंपणावर फेकलं आणि विषय संपवला.

मराठी इतिहासात चाकराच्या दोन्ही तऱ्हा एकाच दिवशी, एकाच वाड्यात दिसतात. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याला गारद्यांनी गाठलं. राघोबादादांचा नोकर तुळाजी पवार मारणाऱ्यांच्या बाजूला होता आणि पेशव्याच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन मेला तो चाफाजी टिळेकर, तोही नोकरच. पुढची दोनशे वर्षं आपल्या गोष्टींनी चाफाजीच उचलला. नाटक-सिनेमातला गडी म्हणजे खांद्यावर पंचा टाकलेला, मालकाच्या दुःखाने रडणारा म्हातारा. त्याला स्वतःचं घर, बायको, कर्ज काही असल्याचं कुणी दाखवलं नाही. इतका प्रामाणिक माणूस बघून मला कधीकधी त्याचाच संशय येतो.

हिंदीत अपवाद होते. दाफ्न द्यू मोरिएच्या ‘रेबेका’वरून १९६४ साली बिरेन नाग यांनी ‘कोहरा’ केला आणि त्यात वहिदा रेहमानला छळणाऱ्या दाईमाच्या भूमिकेत आपल्या येवल्याच्या ललिता पवार होत्या. पण ती दाईमा बाहेरून शिरलेली नव्हती. ती घरचीच, आणि उपरी होती ती नवी सून. १९७२च्या ‘बावर्ची’त हृषीकेश मुखर्जींनी तर सगळा मामलाच उलटा केला. ज्या ‘शांतिनिवास’मध्ये एकही नोकर टिकत नाही, तिथे राजेश खन्नाचा रघू आपणहून येतो, फार गोड वागतो, आणि दादूजींच्या दागिन्यांच्या पेटीकडे त्याचं लक्ष असल्यासारखं वाटत राहतं. आज हाच पहिला अर्धा तास वेगळं पार्श्वसंगीत लावून पाहावा. अंगावर काटा येईल. १९७२ साली मात्र रघू घर सावरून पुढच्या घराकडे जातो.

मराठीने सोंग घेऊन घरात शिरणाऱ्यावर बहुतेक वेळा हसून घेतलं. ‘मोरूची मावशी’ आणि १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. दुसऱ्यात एकट्या राहणाऱ्या लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात चार परके पुरुष खोटी नाती सांगून राहतात, त्यातले दोघे लुगडी नेसून. कथासूत्र कागदावर काढलं तर पोलिसांना फोन करावासा वाटेल. आपण पस्तीसेक वर्षं ते पाठ म्हणतो आहोत. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानीही असेच. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात, आणि बोलायला कुणीतरी हवं म्हणून दोघं आसुसलेली. दुसऱ्या एखाद्या देशातल्या लेखकाने त्या बेलवर बोट ठेवायला एक गोडबोली परिचारिका पाठवली असती. दळवींनी एकटेपणालाच खलनायक केलं आणि ते बरोबर केलं.

आपली खरी भीती अत्र्यांना सापडली होती. ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ला दिल्लीत झाला. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून रचलेलं नाटक, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांची एकामागून एक रूपं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे घरात शिरतो तो नोकर म्हणून नाही, स्थळ म्हणून. मुलीच्या बापाला घाई असते, पाहुणा चांगल्या घरचा वाटतो, चौकशी करायला संकोच वाटतो. आयाला आपण दहा प्रश्न विचारले असते. जावयाला कोण विचारणार?

प्रत्येक मुलूख आपल्या भीतीच्या गोष्टीसाठी असाच माणूस निवडतो, ज्याला न विचारता दार उघडलं जातं. अमेरिकेत ती आया होती, आमच्याकडे जावई. आणि नंतर डॉक्टर.

ऑगस्ट २०१६ मध्ये वाईचं प्रकरण बाहेर आलं. एक अंगणवाडी कार्यकर्ती बेपत्ता झाल्याचा तपास करताना पोलीस एका डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसापर्यंत पोचले. धोमजवळच्या त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून मृतदेह उकरून काढले गेले, आणि २००३पासूनचे सहा खून असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या नर्सलाही अटक झाली. वाई आमच्यापासून लांब नाही. त्या आठवड्यात विट्याच्या एसटीत दुसरा विषय नव्हता, आणि बोलणाऱ्यांचा धक्का खुनांच्या आकड्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचा होता. रात्री-अपरात्री बोलावलं की येणारा, इंजेक्शन देणारा, लोकांच्या अडचणीत पुढे असणारा माणूस! गावाकडे भिंतीवरची पदवी कुणी वाचत नाही. हाताला गुण आहे का एवढंच बघतात.

चार वर्षांनी त्याच आठवणीवर ‘देवमाणूस’ ही मालिका उभी राहिली. झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२०ला ती सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत चालली; नंतर तिचे आणखी भागही आले. निर्माती श्वेता शिंदे साताऱ्याचीच. तिच्याच ‘लागिरं झालं जी’मध्ये भय्यासाहेब झालेला किरण गायकवाड इथे डॉ. अजितकुमार देव झाला. तो ज्या घरात राहतो तिथलं सगळं माणूसबळ, म्हणजे शिव्या आणि म्हणी एका दमात फेकणारी सरू आजी, डिंपल, टोण्या, हे आपल्या ओळखीचं. एकत्र कुटुंब, भरलेलं घर, दारात कायम वर्दळ. ‘खलनायिका’ला विचारलेला सासूचा प्रश्न इथे कुणी विचारूच शकत नव्हतं. आजी होती, आई होती, शेजार होता, आणि तरीही तो सगळ्यांच्या मध्ये बसून चहा पीत होता. त्यात ते वर्ष कोरोनाचं. डॉक्टरला देव म्हणायचे दिवस. दारं बंद, रात्री साडेदहाला सगळी टीव्हीसमोर आणि पडद्यावर डॉक्टरच खून करतोय. मालिका म्हणून ती पुढे रेंगाळली, एकाच युक्तीवर आठवडे काढले, बायकांना फसवण्याचे प्रसंग चवीने दाखवले. पण निवड अचूक होती. आमच्या भागातलं, आमच्या बोलीतलं, आमच्या भाबडेपणाच्या मापाचं भय त्याआधी पडद्यावर आलं नव्हतं.

तोवर विटा मात्र बदललं होतं. सासू कुठं हाय, या प्रश्नाचं उत्तर आता मिळतं: सासू बंगल्यात एकटी आहे.

खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं दुष्काळाने बाहेर काढली आणि सोन्याचांदीच्या गलाईने देशभर पांगवली. कोचीपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत गलाईचं दुकान असतं. तिथे भट्टी, मूस, तेजाबाचा वास, आणि आटवलेल्या सोन्याचा टंच सांगणारा, घरी आपल्या बोलीत बोलणारा माणूस. पैसा आला तसे गावाकडे बंगले झाले. मुलं दसऱ्याच्या पालखीला येतात, चार दिवस राहतात, जातात. मागे राहतात ती गुडघे दुखणारी, मधुमेहाची, एखादी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. त्यांच्यासाठी ‘चोवीस तासांची बाई’ लागते. ती ब्युरोतून येते, नाहीतर ओळखीच्या ओळखीने, बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यातली, नवरा नसलेली किंवा नवऱ्याने टाकलेली.

म्हणजे १९९३ साली हास्यास्पद वाटलेला सगळा सरंजाम आता जागेवर आहे: मोठं घर, असहाय माणूस, परकी बाई आणि कपाटात सोनं. भीतीही लगेच आली. कुठल्याशा शहरातल्या बाईने म्हातारीला मारल्याची चित्रफीत मोबाइलवर फिरते आणि कोचीतून फोन येतो, आधारकार्डाची प्रत घेतली का? ती घ्यावीच, पोलिसांत नोंदही करावी. तक्रार त्याबद्दल नाही. पण कायद्याकडेही एकदा बघावं. नोकराने मालकाच्या घरात केलेल्या चोरीला १८६०च्या दंडसंहितेत स्वतंत्र कलम होतं, ३८१वं, साध्या चोरीपेक्षा कडक, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. नव्या न्यायसंहितेत ते ३०६ झालं. घरकामगारांसाठी महाराष्ट्राचा कल्याण मंडळाचा कायदा आला तो २००८ साली. मालकाच्या भीतीची दखल आधी घेतली गेली, दीडशे वर्षं आधी.

बाहेरच्या लेखकांनी ही गोष्ट केव्हाच उलटी धरून पाहिली आहे. किम की-यंगचा कोरियन ‘द हाउसमेड’ १९६०चा. त्यात मोलकरीण घर बुडवते, पण पाया आधीच खचलेला असतो. रूथ रेंडेलच्या १९७७च्या कादंबरीवरून क्लोद शाब्रोलने १९९५ साली ‘ला सेरेमोनी’ केला. त्यातली मोलकरीण निरक्षर आहे आणि पुस्तकांनी भरलेल्या घरात ते लपवताना तिचा जीव मेटाकुटीला येतो. लैला स्लिमानीच्या ‘शांसों दूस’ला २०१६चा गोंकूर पुरस्कार मिळाला. त्यातली मुलांना मारणारी आया रात्री कुठल्या खोलीवर परतते, तिच्यावर किती देणं आहे, हे कादंबरी थंडपणे मोजत जाते. फ्रीडा मॅकफॅडनचं २०२२चं ‘द हाउसमेड’ याहून हलकं, एका बैठकीत संपणारं. त्यावरचा पॉल फीगचा सिनेमा डिसेंबर २०२५मध्ये आला. पण त्यातली एक गोष्ट ठसते. तुरुंगातून सुटून आलेल्या मिलीला माळ्यावरची खोली मिळते आणि तिच्या दाराला कडी असते ती बाहेरून.

मराठीत हे अजून कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. साहित्य तर इथेच पडलं आहे. अलीकडे बंगल्यांतून कॅमेरे बसलेत. आईच्या पलंगाकडे रोखलेला कॅमेरा हजार किलोमीटरवरच्या दुकानात, भट्टीशेजारी, मोबाइलवर दिसतो. त्याच चौकटीत खाली चटईवर बाई झोपलेली असते, आणि लुगडं बदलायला तिला न्हाणीघराशिवाय जागा नसते. गावात अशी कामं लावून देणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, नव्या जागी जाताना या बायका आधी काय विचारतात? मला वाटलं पगार. त्या म्हणाल्या, “पगार मागनं. आधी इचारत्यात, घरात बापय माणूस कोण कोण येतंय, क्यामेरा कुठं कुठं हाय, आन् माज्या खोलीला आतनं कडी हाय का?”