उतारावर क्लच, ब्रेक आणि काही ऐकीव गोष्टी

वाशिमहून अकोल्याकडे जाताना मेडशी मागे पडली की पातूरचा घाट लागतो. याच उतारावर अनेक जण गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. का, तर तेवढंच पेट्रोल वाचतं! कार्ब्युरेटरच्या जमान्यात या हिशेबात थोडंफार तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तो उलटा पडतो. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहण्यासाठी इंधन जळतच राहतं. काही महाभाग तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पाय दाबला की संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं.

‘आधी क्लच, मग ब्रेक’ हा दुसरा समज. शिकाऊ चालकाची गाडी बंद पडू नये म्हणून हे सांगितलं जातं आणि ते आयुष्यभर पायात बसतं. क्लच दाबताच इंजिनाचा चाकांशी संबंध सुटतो. इंजिन गाडीला जे मागे ओढून धरत होतं ते थांबतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून आधी ब्रेक दाबावा. वेग उतरून इंजिन गचके देण्याच्या बेतात आलं की मग क्लच. घाटात ब्रेकवर सतत पाय ठेवला तर पॅड तापतात. ब्रेक ऑइल जुनं, ओलावा धरलेलं असेल तर ते उकळून वाफ धरतं आणि पेडल मऊ पडतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम अजून खरा आहे.

अचानक आडवं जनावर आलं तर मात्र क्रम बघत बसू नये. दोन्ही पाय एकदम दाबावेत. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे. पेडल थरथरलं म्हणून पाय उचलू नका, ती थरथर एबीएसचीच असते.

चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणं ही हुशारी नव्हे. तिथे हँडब्रेक ओढा, कारण हाफ क्लचने क्लचप्लेट झिजते आणि ती बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.