खंडेराव मार्केटातील नवे दफ्तर

बडोद्यास आलेल्या पाहुण्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवून परत फिरताना यजमान वाटेवरील एका घुमटदार, कमानीदार इमारतीकडे बोट करतो आणि पाहुणा हमखास बुचकळ्यात पडतो. कारण थाट दरबाराचा, नाव बाजाराचे आणि आत पाहावे तो महानगरपालिकेची कचेरी! सयाजीराव महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या पंचविशीचे स्मारक म्हणून १९०६ मध्ये ही वास्तू नगरपालिकेस दिली आणि तिला खंडेराव महाराजांचे नाव ठेवले. मागील अंगास भाजीपाल्याचा व फुलांचा बाजार अजूनही भरतो, आणि पुढच्या दालनांतून नळ, गटारे, रस्ते, दिवे व बांधकामाचे परवाने यांचा कारभार चालतो. झेंडूच्या माळेचा भाव करून तोच गृहस्थ त्याच फेरीत घरपट्टीची तक्रार घेऊन जिना चढतो, ही सोय किती शहरांच्या नशिबी असेल, कोण जाणे.

या कचेरीत, तशीच तिच्या अखत्यारीतील इतर ठिकाणी, गेल्या काही वर्षांत एक नवे दफ्तर आकारास आले आहे. त्यास रुमाल नाहीत, बारनिशीचा शिक्का नाही. नकाशावर रस्ते, नळ व मिळकती थरांथरांनी दाखवणारी जीआयएस प्रणाली, बांधकामाचे आराखडे तपासणारी ऑनलाइन व्यवस्था आणि स्मार्ट सिटी योजनेतून बदामडी बागेत उभे राहिलेले कमांड अँड कंट्रोल सेंटर ही त्याची ठळक अंगे होत. यांतील पुष्कळसा भाग निव्वळ माहितीचा साठा आहे. ज्याचा परिचय मुद्दाम करून द्यावा, तो भाग वेगळा: अनुभवी अभियंत्याचा निर्णय नियमांच्या रूपाने यंत्रात उतरवण्याचा उद्योग.

या उद्योगाची मूळपीठिका अमेरिकेतील. रेणूंच्या रचनेचे अनुमान करणारी डेंड्रल नावाची प्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे १९८० नंतर मेरी लू माहेर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात उंच इमारतींच्या प्राथमिक संरचनेसाठी हाय-राइझ ही प्रणाली रचली. अशा प्रणालींचे तत्त्व एकच: एका बाजूस वस्तुस्थितीच्या नोंदी, दुसऱ्या बाजूस ‘अमुक असेल तर तमुक करावे’ अशा नियमांची मालिका, आणि दोहोंची सांगड घालून निष्कर्ष काढणारी, शिवाय तो का काढला हेही विचारल्यास सांगणारी तर्कयंत्रणा. ही शेवटची अट आमच्या मते सर्वांत मोलाची आहे, आणि सरकारी कचेरीत तीच प्रथम गळते.

बडोद्यात या तत्त्वाचे रोजच्या वापरातील उदाहरण पाहायचे, तर बांधकाम परवानगीचे पाहावे. गुजरात सरकारने २०१७ मध्ये साऱ्या राज्याची विकास नियंत्रण नियमावली एकत्र केली आणि तिच्या आधारे आराखड्यांची ऑनलाइन छाननी सुरू केली. (पुण्याच्या महापालिकेत याच जातीची ऑटोडीसीआर प्रणाली त्यापूर्वीच रुळली होती आणि ती रचणारी मंडळीही पुण्याचीच, हे सांगण्यात थोडा प्रांताभिमान आहे, तो वाचकाने चालवून घ्यावा.) वास्तुविशारद आपला नकाशा ठरावीक थरांत काढतो: भूखंडाची हद्द एका थरात, बांधकामाची रेषा दुसऱ्यात, जिना तिसऱ्यात. यंत्र हे थर वाचते, समोरच्या रस्त्याची रुंदी इमारतीच्या उंचीशी ताडून पाहते, चारी बाजूंची सोडलेली जागा मोजते, आणि कोणता नियम कोठे मोडला याची यादी हाती ठेवते. मात्र रेषा चुकीच्या थरात पडली, तर धडधाकट जिना यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसतो! पूर्वी ओव्हरसियर पट्टी लावून हेच करी. परंतु त्याच्या पट्टीला कधी कधी अर्जदाराचे तोंड पाहून लांबी येत असे. यंत्राला ती ओढ नाही, ही जमेची बाजू. जागेवर जाऊन पाहण्याचे पाय त्याला नाहीत, ही उणी बाजू.

जमिनीखालचा कारभार याहून बिकट आहे. व्हॉल्वमन लांब दांड्याची लोखंडी चावी खड्ड्यात उतरवतो, दोन्ही हातांनी आडवा दांडा धरून फिरवतो, आणि हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून झडप किती उघडली ते ओळखतो. कोणती झडप उलट्या आट्याची, कोणती पुरती बंद केल्यास पुढल्या गल्लीतला दाब मरतो, हे ज्ञान कागदावर क्वचितच असते. तो सेवानिवृत्त झाला, की शहराच्या मालमत्तेचा एक अंश मुकाट्याने घरी जातो. असा नियम यंत्रात घालायचा, तर अभियंत्याने त्याच्याजवळ बसून प्रत्येक ‘का’ लिहून घ्यावा लागतो. संगणक विकत घेण्याच्या दरखास्तीत या बैठकीसाठी पैसा धरलेला आम्ही फारसा पाहिलेला नाही.

दुसरी अडचण ओळख पटवण्याची. एकच घर घरपट्टीच्या दफ्तरात सेन्सस नंबराने, भूमापनात सिटी सर्व्हे नंबराने, नगररचना योजनेत अंतिम भूखंडाच्या क्रमांकाने आणि वीज कंपनीत ग्राहक क्रमांकाने वावरते. चारही नोंदींची रुजुवात होईपर्यंत तर्कयंत्रणा चार घरे धरून बसते. ज्या संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध करून कारभाराची परिभाषा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडली, त्याच्या राजधानीत हा घोळ राहावा, ही गंमतच म्हणायची. नगररचनाकार सर पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्याच्या विस्तारावर अहवाल दिला, तेव्हाही आधी पाहणी आणि मग योजना, हाच त्यांचा आग्रह होता.

परंतु या साऱ्या व्यवस्थेची खरी कसोटी आजव्याच्या तलावावर लागते. सयाजीरावांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पावसाळ्यात पुराचाही सूत्रधार बनतो. त्याच्या ६२ दरवाज्यांतून सुटलेले पाणी विश्वामित्री नदीत येते आणि शहराच्या मध्यातून, मगरींसकट, वाहते. तलावाची २११ फुटांची पातळी आणि काळाघोडा पुलापाशी नदीची २६ फुटांची धोक्याची खूण हे दोन आकडे बडोद्याच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावर चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ अखेरीस नदीने काळाघोड्यापाशी ३५ फूट ओलांडले आणि पाणी कित्येक वस्त्यांत दिवसच्या दिवस उभे राहिले. पातळीचे आकडे तर तासातासाला प्रसिद्ध होत होते! आजव्याची पातळी इतकी, पावागढच्या बाजूस पाऊस इतका, पुढे ढाढर नदी तुंबलेली, तर अमुक प्रहरी अमुक पेठेतील वाहने हलवावीत, हा आकड्यांपुढचा नियम नागरिकाच्या हाती वेळेवर पडणे, ही खरी गरज होती. शिवाय तलाव लवकर रिता केला आणि पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात प्यायचे काय? या दोन भयांमधील तोल कोणत्या आकड्यावर साधायचा, हे यंत्र सांगू शकत नाही. तो ठराव लोकप्रतिनिधींनी करावा, आणि कारणासकट यंत्रात नोंदवावा.

त्यात २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीचे पात्र खोदून खोल व रुंद करण्यात आले. त्यामुळे आजव्यातून सुटलेले पाणी काळाघोड्यास किती वेळाने आणि किती फूट चढते, हे जुन्या मंडळींचे तोंडपाठ गणित आता जसेच्या तसे लागू राहिलेले नाही. नवे गणित बसवण्यास काही पावसाळ्यांच्या नोंदी लागतील, आणि तोवर दर वर्षी गाळ किती साचला तेही मोजून याच दफ्तरात चढवावे लागेल.