आधी पेन खाली ठेवा

दुकानाच्या दारात जळालेल्या मोटारींची रांग लागली होती. सगळ्या आसपासच्या यंत्रमागांवरच्या. आत मिस्त्री एका स्टेटरमधली, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागातली, काळी पडलेली तार छिन्नीने तोडून काढत होते, आणि जळक्या वार्निशचा वास भिवंडीच्या त्या गल्लीभर पसरला होता. बारावीच्या पाच मुलांना घेऊन मी तिथे गेलो होतो. विद्युतचुंबकत्वाची सूत्रे त्यांना पाठ होती, दिशा मात्र हमखास चुकायच्या.

त्या का चुकतात, हे मी वर्गात पाहिले होते. नियम उजव्या हाताचा, पण उजव्या हातात पेन. मग मुले नकळत डावा हात वळवतात आणि उत्तर उलटे येते.

मिस्त्रींनी नव्याने भरलेला एक स्टेटर पुढे ओढला. छत्तीस खाचा, चार ध्रुव. एका फेजच्या दोन टोकांना बॅटरी लावून त्यांनी छोटे होकायंत्र मुलांच्या हाती दिले. ‘‘सर, सुई कुठे वळेल ते आधी पोरांना विचारा.’’ मुलांनी वहीत लिहिले, मग होकायंत्र आतल्या कडेने फिरवले. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. तारेतल्या प्रवाहाने शेजारची सुई हलते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. इथे ती रोजची तपासणी आहे. मिस्त्रींनी मग एका कॉइलची टोके मुद्दाम उलटी जोडली, आणि सुईचा क्रम बिघडला. ‘‘अशी मोटार मागावर चढवली तर नुसती घूं करते, तापते नि जळते.’’

नंतर मोटारीचा फिरणारा भाग, रोटर, हाती आला. त्याला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. स्टेटरच्या तीन फेजमुळे चुंबकीय क्षेत्र गोल फिरते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. मोटारीच्या पाटीवर मात्र आकडा होता १४४०. एका मुलीने विचारले, ‘‘साठ फेरे गेले कुठे?’’

त्या प्रश्नात सगळा धडा आहे. रोटर क्षेत्राच्या बरोबरीने धावला, तर त्याच्या सळ्यांपुढे क्षेत्र बदलणारच नाही. बदल नाही तर प्रवाह नाही, प्रवाह नाही तर जोर नाही. फॅरडेला १८३१ मध्ये सापडले ते हेच: नुसते चुंबक पुरत नाही, बदल हवा. रोटर थोडा मागे राहतो, म्हणूनच माग चालतो.

आता माझ्या वर्गात गणिताआधी तीन प्रश्न असतात. प्रवाह कुठल्या दिशेने? क्षेत्र कुठल्या दिशेने? बदलते आहे काय? अंदाज आधी लिहायचा, मग पडताळायचा. सूत्र त्यानंतर.

मुलांनो, तुमच्या गावातही वायंडिंगचे दुकान असेल. विचारून आत जा, चालू विजेपासून लांब राहा, पण पाहा. आणि दिशेचा प्रश्न आला की आधी पेन खाली ठेवा. उजवा हात मोकळा हवा.