तलवार कोणासाठी उपसली?

पुण्याला समुद्र नाही. तरीही आपल्या चित्रपटसृष्टीतली सर्वांत निर्भय दर्यावर्दी बाई १९३६ साली पुण्यातूनच निघाली. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती. व्ही. शांतारामांनी 'अमरज्योती' हा हिंदी बोलपट काढला, कथा के. नारायण काळ्यांची, आणि सौदामिनीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. नवऱ्याने पोटचा मुलगा हिरावून घेतलेली ही बाई न्याय मागायला जाते. बाई ही पुरुषाची दासी, तिचा मुलावर हक्क कसला, असं तिला न्यायमंत्री दुर्जयाकडून ऐकावं लागतं. मग ती जहाज घेते, माणसं जमवते, राज्याची गलबतं लुटते. दुर्जय हाती लागतो तेव्हा त्याला ठार न करता त्याचा पाय तोडून कैदेत टाकते. त्या काळच्या घरंदाज प्रेक्षकाने हे पाहिलं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही हा चित्रपट दाखवला गेला.

मारधाडीच्या चित्रपटातल्या बाईबद्दल आज जो वाद चालतो, त्यात ही सौदामिनी कुणाला आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाद ठरलेल्या दोन बाजूंनी चालतो. एक बाजू म्हणते, बाईने चार पुरुषांना लोळवलं की पडद्यावर निदान बरोबरी तरी दिसते. दुसरी म्हणते, ही बरोबरी कसली, पुरुषाच्याच हाणामारीला साडी किंवा जीन्स चढवली एवढंच. दोन्ही बाजू तिचे हात बघतात. ती कशासाठी लढते आणि लढून झाल्यावर चित्रपट तिला कुठे नेऊन ठेवतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

सौदामिनीचं दुःख आईचंच आहे, पण तिची मागणी हक्काची आहे. 'माझं बाळ मला द्या' असा टाहो ती फोडत बसत नाही. 'बाळ माझं नाही हे ठरवणारे तुम्ही कोण' असा तिचा सवाल आहे. हा फरक बारीक वाटेल, पण पुढच्या नव्वद वर्षांतल्या बहुतेक लढवय्या नायिका याच फरकापाशी अडखळल्या आहेत.

त्याच सुमारास मुंबईत वाडिया मूव्हीटोनची 'हंटरवाली' (१९३५) तुफान चालत होती. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स 'नादिया' या नावाने गाड्यांच्या टपांवर मारामाऱ्या करत होती. नादियाचं धाडस अस्सलच होतं. पण ती गोरी, परकी, सोनेरी केसांची. तिने काहीही केलं तरी ते आपल्या घरातल्या सुनेने केलं असं प्रेक्षकाला वाटत नव्हतं. दुर्गा खोट्यांची गोष्ट वेगळी. सुखवस्तू सारस्वत घरातली, कॉलेजात शिकलेली, संसार आणि मुलं असलेली बाई सिनेमात आली यावरूनच काहूर उठलं होतं. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मधल्या तारामतीने ते काहीसं शमवलं. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, सोबतीला चित्ता. चार वर्षांनी त्यांनी जहाजावरून हुकूम सोडले. याच दुर्गाबाईंना पुढच्या पिढीने ओळखलं ते आई म्हणून. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, नंतर कितीतरी घरांतल्या सोशिक किंवा करारी माता. १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा किती जणांना त्या जहाजावरच्या दुर्गाबाई ठाऊक होत्या?

'अमरज्योती'त राजकन्या नंदिनी झालेल्या शांता आपटे पुढच्याच वर्षी 'कुंकू'मधली नीरा झाल्या. 'कुंकू' काही मारधाडपट नव्हे. पण त्यातला एक प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त लागतो. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा, तिच्याहून वयाने मोठा सावत्र मुलगा तिच्याशी लगट करायला बघतो, आणि ती वेत उचलून त्याला फोडून काढते. तिथे ना तलवार ना घोडा. मध्यमवर्गीय घरातली खोली आणि एक रागावलेली मुलगी. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून आलेली ही नीरा प्रेक्षकांना इतकी जवळची वाटली, कारण तिचा राग तिच्या स्वतःच्या वतीने होता. कुळासाठी, स्वराज्यासाठी, नवऱ्याच्या प्राणांसाठी नव्हता.

पडद्याबाहेर शांताबाई तशाच होत्या. जुलै १९३९ मध्ये त्यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. भांडण कराराचं आणि पैशाचं. ज्या कंपनीने नीरा घडवली, तिच्याच दारात नीरा झालेली नटी उपाशी बसली, हे दृश्य मला 'कुंकू'तल्या कुठल्याही दृश्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. वर्षभराने त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. या धंद्यात माणसांना कसं राबवलं जातं, हे त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आज प्रभातच्या त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती हे पुस्तक पडावं असं मला फार वाटतं.

नायिकेच्या ताकदीबद्दल बोलताना ती ताकद दाखवताना कुणाचं अंग मोडतं, हे सांगायचं राहून जातं. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार लहानपणी पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत आल्या. पुढे 'हिम्मत-ए-मर्दा' (१९३५) सारख्या चित्रपटांत त्या नायिका होत्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड चुकून जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेची वाट बंद झाली. दोन वर्षांनी प्रभातच्याच 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या, आणि त्यानंतर देशाने त्यांना खाष्ट सासू म्हणून ओळखलं. त्या अधू डोळ्याचा त्यांनी अभिनयात जो वापर केला, तो त्यांचा स्वतःचा पराक्रम.

'शोले'तल्या बसंतीचा टांगा सुटतो ते दृश्य कोण विसरेल? डाकू मागे लागलेत, धन्नो उधळली आहे. त्यातल्या जिवावरच्या जागी हेमा मालिनींच्या ऐवजी रेश्मा पठाण होत्या. नायिकेच्या जागी विग घातलेले पुरुष उड्या मारत असत, त्या काळात ही मुलगी टांग्यावरून पडून जखमी झाली आणि पुन्हा उभी राहिली. 'शोले' १९७५ चा. रेश्मा पठाणांची गोष्ट पडद्यावर यायला २०१९ उजाडलं. 'द शोले गर्ल' आदित्य सरपोतदारांनी दिग्दर्शित केला, म्हणजे नानासाहेबांच्या चौथ्या पिढीने. आणि त्याच बसंतीला चित्रपट शेवटी काचांवर नाचवतो. टांगा हाकणारी, तोंडाळ, स्वतःच्या कमाईवर जगणारी बाई गब्बरच्या नजरेसमोर उन्हात नाचत राहते, वीरूचा जीव वाचावा म्हणून. लॉरा मल्व्ही यांचा पुरुषी नजरेवरचा गाजलेला निबंध त्याच वर्षीचा. त्यांना उदाहरण हवंच असतं, तर रामगढात तयार होतं.

ऐंशीच्या दशकात बाईला राग यायला एकच परवाना उरला: तिच्यावर अत्याचार झालेला असणं. एन. चंद्रांचा 'प्रतिघात' (१९८७), मग 'जख्मी औरत', 'खून भरी मांग'. 'प्रतिघात'मधली प्राध्यापिका शेवटी भर सभेत गुंडाला कुऱ्हाडीने मारते तेव्हा थिएटरात उसळलेला जोश खोटा नव्हता. पण तिला आधी भररस्त्यात विवस्त्र करावं लागलं, आणि ते दृश्यही तिकीट विकतच होतं. याच काळात फिल्म इन्स्टिट्यूटच्या केतन मेहतांनी 'मिर्च मसाला' केला. पुण्यात वाढलेल्या स्मिता पाटीलची सोनबाई अत्याचार होण्याआधीच नकार देते. कारखान्यातल्या बायका सुभेदाराच्या डोळ्यांत तिखटाची पूड फेकतात तेव्हा शस्त्र त्यांच्या रोजच्या कामातलं असतं. अत्याचाराची नुकसानभरपाई म्हणून आलेल्या रागापेक्षा हा नकार मला शतपट मोठा वाटतो. मराठीत मात्र ते दशक सरताच 'माहेरची साडी' (१९९१) आला आणि रडणाऱ्या लेकीने थिएटरं भरली. त्या रडण्यालाही मी कमी लेखणार नाही. गावोगावच्या बायका ट्रकात बसून ते बघायला गेल्या, त्यांना त्यात आपलं काहीतरी सापडलंच होतं.

मग २०१६ साली आर्ची आली. 'सैराट'मध्ये ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि वेळ येते तेव्हा पिस्तूल झाडून प्रियकर परश्याला व त्याच्या मित्रांना सोडवते. नागराज मंजुळ्यांची खरी ताकद त्याच्या पुढे दिसते. पाटलाच्या घराने दिलेला रुबाब हैदराबादच्या झोपडपट्टीत गळून पडतो. तिला काम शोधावं लागतं, भाषा शिकावी लागते, आणि ज्याच्यासाठी गोळी झाडली तोच संशयाने तिच्यावर हात उगारतो. बुलेटवरची आर्ची बघून शिट्ट्या मारणारं थिएटर त्या थपडेला गप्प होतं. तिचा दरारा किती तिचा आणि किती बापाच्या जातीचा व जमिनीचा, हा प्रश्न एवढ्या नेटाने आपल्या सिनेमात क्वचितच कुणी विचारला असेल. परदेशातला गाजावाजा झालेला 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) मी आवडीने पाहिला, त्यातली नायिका फ्युरिओसा सौदामिनीचीच लांबची बहीण आहे. पण आर्चीची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण तिच्यासमोर उभा असलेला शत्रू तिचा सख्खा भाऊ आहे आणि तो हातात आहेर घेऊन येतो.

अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांच्या लाटेत बाईला कडा उतरायला, तलवार धरायला मुभा आहे. 'हिरकणी' (२०१९) मध्ये सोनाली कुलकर्णीने रायगडाच्या उतरणीवरची ती रात्र जिवंत केली. चित्रपट मला भावला. तरी त्यातली सगळी चढण-उतरण तान्ह्या बाळासाठी आहे. जिजाऊ घडवतात, बाकीच्या ओवाळतात किंवा वाट बघतात. आईपणाच्या आधाराशिवाय पराक्रमी बाई उभी करायची आपली हिंमत होत नाही, आणि हे बोललं की मातृत्वाचा अपमान केला म्हणून लोक अंगावर येतात. अपमान नाही. सौदामिनीही आईच होती.

ताराबाईंचं घ्या. १७०० ते १७०७, पंचविशी-तिशीतल्या या विधवेने औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली; हा भाग मालिकेत येतो, चित्रपटालाही सोसतो. पण त्यापुढची ताराबाई? शाहूंशी गादीसाठी भांडणारी, १७१४ मध्ये सवतीच्या कारस्थानाने पन्हाळ्यावर कैद झालेली, आणि सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा डाव मांडणारी. नातू म्हणून तिनेच पुढे आणलेल्या रामराजाला तिने १७५० साली साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं, पुण्याच्या नानासाहेब पेशव्याला जेरीस आणलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला देवासमोर शपथ घेतली की हा माझा नातूच नव्हे. तिला बाळ वाचवायचं नव्हतं, नवऱ्याचा सूड घ्यायचा नव्हता. तिला राज्य करायचं होतं. अशी भूमिका लिहायला घेणारा लेखक आणि पंचाहत्तरीची नायिका घेऊन पैसा लावणारा निर्माता पुण्यात मिळाला, तर 'अमरज्योती'नंतर थांबलेलं काम पुन्हा सुरू होईल.