नाकाच्या मापाने जात मोजता येते काय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांचे दोन दिवसांचे अभ्यासशिबिर गणपतीपुळ्याला घेतले. संध्याकाळी पुळणीवर बसलो असता एकाने विचारले, "सर, चेहऱ्यावरून जात ओळखता येते ना?"

मला हसू आले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. नोकरी लागल्यावर भाड्याची खोली शोधत हिंडत होतो. एका घरमालकाने चहा दिला, भाडेही ठरले. मग आडनाव कळताच मला निरखून ते म्हणाले, "वाटत नाही हो तुम्ही त्यातले!" खोली मिळाली नाही.

या समजुतीवर एके काळी शास्त्राचा शिक्काही बसला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी त्याआधी, १८९१ साली, बंगालमधील जातीजमातींवर ग्रंथ लिहिला. त्यांची रीत सोपी होती. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. आला नासिका निर्देशांक. नाक जितके रुंद तितका समाजातला दर्जा खालचा, असा त्यांचा सिद्धान्त.

आम्ही तिथेच कर्कटक आणि पट्टी घेऊन पंधरा जणांची नाके मोजली. आकडे चढत्या क्रमाने मांडले. एकमेकांच्या जाती मुलांना ठाऊक होत्याच. आपल्याकडे त्या असतातच. पण आकड्यांची रांग आणि जातींची उतरंड काही केल्या जुळेना. पंधरा नाके म्हणजे पुरावा नव्हे. पण प्रश्न नीट विचारायला तेवढी पुरली.

मग नाके वेगवेगळी का? थंड, कोरड्या प्रदेशात अरुंद नाक हवा उबदार व ओलसर करून आत घेते. उष्ण, दमट प्रदेशात त्याची गरज कमी. प्रखर उन्हात काळी त्वचा शरीराचे रक्षण करते. ऊन आणि हवा यांनी पिढ्यान् पिढ्या केलेल्या या खुणा आहेत. त्यांत उच्चनीचता कुठून येणार? आपण सारे आफ्रिकेत सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी उदयाला आलेल्या एकाच मानवजातीचे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले, की माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत आढळतात.

याच रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी हाती घेतला होता. ते कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना फ्रान्झ बोआस तेथे मानवशास्त्राचे प्राध्यापक होते. स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण बदलते, हे बोआस यांनी मोजून दाखवले होते. त्यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. भारतीय लोक वंशाने मिश्र आहेत आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे, असे त्यांनी सांगितले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर त्यांनी नाकांच्या मोजणीचेच आकडे पुढे ठेवले. ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड तर दुसराही द्रविड. मोजणाऱ्यांची पट्टी त्यांनी मोजणाऱ्यांवरच उलटवली.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासाने याला बळ दिले. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील लोकसमूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. नंतर लग्नाची दारे बंद होत गेली. मानवजातीच्या तीन लाख वर्षांचा एक दिवस धरला, तर ही बंद दारे शेवटच्या नऊ मिनिटांतली आहेत!

जात रक्तात असती तर तिच्यावर इलाज नव्हता. ती लग्नाच्या नियमात आहे, आणि नियम माणसांनी केलेला आहे. म्हणून शिक्षकमित्रांना एवढेच सांगणे: उत्क्रांतीचा धडा शिकवताना माकडाच्या चित्रापाशी थांबू नका. मुलांच्या हाती पट्टी द्या आणि विचारा, यात जात कुठे सापडते ते दाखवा.