बिऱ्हाड पाठीवर : ऑस्ट्रेलियातील आगगाडीचे व विमानाचे दिवस

सन २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस मी व माझे कुटुंब असे उभयता सोळा-सतरा दिवसांकरिता ऑस्ट्रेलिया खंडात जाऊन आलो. आमचे गाव टिटवाळ्याच्या अलीकडे, कल्याण तालुक्यात. समृद्धी महामार्गात आमच्या जमिनीचा एक तुकडा गेला, त्याचा मोबदला बँकेत पडून होता. त्यातील काही रक्कम या प्रवासात घालावी असे ठरताच गावात दोन प्रकारची कुजबुज सुरू झाली. एक, की म्हाताऱ्यास पैसा चढला. दुसरी, की पितृपक्षात घराबाहेर पडणे बरे नव्हे. पहिल्या आक्षेपाचे उत्तर पुढे हिशेबात येईल. दुसऱ्याविषयी इतकेच सांगतो की वडिलांची तिथी आटोपूनच आम्ही निघालो, व घटस्थापना सूनबाईंनी यथासांग केली.

यात्रा कंपन्यांकडे प्रथम चौकशी केली होती. दोघांचे सहा लाखांवर सांगत, व त्यात शेत म्हणून एकही दाखवीत नसत. तेव्हा विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन, म्हणजे प्रत्येकी एक पाठपिशवी घेऊन, आपले आपणच जावे असे ठरले. विमानाची तिकिटे चार महिने अगोदर घेतली. सिंगापुरास सात तास खोळंबून पुढचे विमान पकडावयाचे, म्हणून ती स्वस्त पडली. परवान्याची फी दर माणशी दोनशे डॉलरांच्या किंचित आत होती. त्या सुमारास तेथील एक डॉलर म्हणजे आपले छप्पन-सत्तावन रुपये हे ध्यानात ठेवावे.

सिडनीस उतरताच जे पहिले दालन लागते ते शेतकऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहण्याजोगे आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकास एका पत्रकावर लिहून द्यावे लागते की जवळ खाद्यपदार्थ, बी-बियाणे, लाकूड वा चामड्याची वस्तू आहे काय, आणि पायताणास माती लागली आहे काय. खोटे लिहिल्यास मोठा दंड बसतो. कुटुंबाने घरचे वाल शेरभर बांधून घेतले होते. परदेशी बिरडे करावे हा त्यांचा हेतू. ते पत्रकात लिहिले, व अधिकाऱ्याने गोड शब्दांत ते काढून घेतले, कारण घरचे वाल म्हणजे पेरले तर उगवणारे बियाणे. माझे जोडे उलटे करून तळवे पाहिले. मी ते घरून धुऊन नेले होते म्हणून सुटलो. आमच्या मंडळींस राग आला. मला मात्र तो माणूस योग्य वाटला. लाळ-खुरकूत रोग त्या देशात १८७२ नंतर शिरलेला नाही. २०२२ साली शेजारच्या इंडोनेशियात तो पसरला, तेव्हा विमानतळावर औषधी पाण्याने भिजविलेली पायपुसणी अंथरण्यात आली होती. आपल्याकडे बाजारातून बैल आणताना त्याचा खूर कोण पाहतो?

आता प्रवासखर्चाचे मर्म सांगतो. त्या देशात अंतर हेच मोठे खर्चाचे कलम आहे, आणि प्रवासाचा दिवस हा पाहण्याचा दिवस नसून केवळ खर्चाचा दिवस ठरतो, जर तो नीट आखला नाही तर. सिडनी विमानतळाखाली आगगाडीचे स्टेशन आहे, पण तेथे चढण्या-उतरण्याची वेगळी फी पडते; आम्ही गेलो तेव्हा ती सोळा-सतरा डॉलर होती. आम्ही साध्या बसने मॅस्कॉट नावाच्या पुढील स्टेशनास गेलो व तेथून गाडी घेतली. दोघांचे तीस डॉलर वाचले, तेवढ्यात दोन दिवसांचे तांदूळ, डाळ व भाजी आली. वसतिगृहात दोघांस एक खोली, न्हाणीघर व स्वयंपाकघर सामाईक. अशी वसतिगृहे तरुणांकरिता आहेत असा समज आहे, परंतु वयाची अट आम्हांस कोणी घातली नाही. स्वयंपाकघरात जर्मन व कोरियन पोरे आमच्या कुटुंबाची फोडणी पाहण्यास जमत. दुसऱ्या दिवसापासून त्यांस ‘आई’ म्हणू लागली. हा शब्द त्यांस कोणी शिकविला ते मी सांगत नाही.

सिडनीत आगगाडी, बस व होडी या सर्वांस एकच पत्र चालते, व दिवसाच्या एकूण भाड्यास मर्यादा बांधलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा शुक्रवार, शनिवार व रविवार ही मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी, म्हणजे दहा डॉलरांच्या आत होती. म्हणून लांबचा पल्ला रविवारी ठेवला. कटुंबा हे निळ्या डोंगरांतील गाव शंभर किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर आहे. दोन तासांचा चढ. कसारा घाट चढलेल्या माणसास त्या घाटाचे फार नवल वाटू नये, तथापि खालची दरी सबंध निलगिरीच्या वृक्षांनी भरलेली पाहून मी थबकलो. आपल्याकडे ज्याची रोपे सरकारी रोपवाटिकेतून आणून बांधावर लाविली, त्याचे हे माहेर. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातील वनखात्याच्या लागवडीत जी ऑस्ट्रेलियन बाभूळ दिसते, तीही याच खंडाच्या उत्तर भागातली.

सिडनी ते मेलबर्न हे अंतर साडेनऊशे किलोमीटरांच्या वर आहे. विमान दीड तासात जाते व पुष्कळदा आगगाडीहून स्वस्त पडते. असे असूनही आम्ही जाताना रात्रीची गाडी धरली, कारण एका रात्रीचे खोलीभाडे वाचले. साडेआठच्या सुमारास निघून ती सकाळी साडेसातच्या सुमारास पोहोचते. बसून झोपावे लागते, आणि गुडघे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असल्यास ही काटकसर महाग पडते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. कुटुंब सकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाही.

पहाटे ऑलबरी येथे गाडी थांबली. या ठिकाणाची गोष्ट आगगाडीच्या उगमाजवळ राहणाऱ्या आपणांस मौजेची वाटेल. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली व १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणास आली. ऑस्ट्रेलियातील पहिली वाफेची गाडी मेलबर्न येथे १२ सप्टेंबर १८५४ रोजी सुरू झाली; म्हणजे या बाबतीत ठाणे वडील. पण तेथील प्रत्येक वसाहतीने आपापल्या मर्जीप्रमाणे रुळांची रुंदी ठरविली. व्हिक्टोरियाची पाच फूट तीन इंच, न्यू साउथ वेल्सची चार फूट साडेआठ इंच, क्वीन्सलँडची साडेतीन फूट. परिणाम असा, की ऑलबरीच्या त्या लांबलचक फलाटावर मध्यरात्री उतारूंनी एका गाडीतून उतरून दुसरीत चढावयाचे, व लोकर, गहू, जनावरे सर्व हमालांनी इकडून तिकडे करावयाची. १९६२ साली मेलबर्नपर्यंत सारख्या रुंदीचा रूळ आला तेव्हा उतारूंचा हा वनवास संपला. एकाच मालाची दोनदा हमाली कोण भरतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

मेलबर्नला आमचे नवरात्र लागले. कुटुंबाचे उपवास, त्यामुळे केळी, बटाटे व दूध यांवर त्यांचे भागले, व आमच्या हिशेबवहीत जेवणाचे कलम निम्म्यावर आले. हा उपाय मी इतरांस सुचवीत नाही.

व्हिक्टोरिया प्रांतात मार्च २०२३ च्या अखेरीपासून एक नियम झाला आहे, की प्रांतात कोठेही आगगाडीने जा, दिवसाचे भाडे मेलबर्न शहरातील भाड्याहून अधिक नाही. आम्ही गेलो तेव्हा ते साडेदहा डॉलरांच्या आसपास होते व शनिवार-रविवारी आठ डॉलरांच्या आत. याच एका नियमामुळे मला जेथे जावयाचे होते तेथे जाता आले. ते गाव म्हणजे स्वान हिल, मरे नदीच्या काठी, मेलबर्नहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. माणशी चारशे-सव्वाचारशे रुपयांत साडेचार तासांचा प्रवास झाला.

स्वान हिलला जाण्याचे कारण भात. सन १९०५ साली जो ताकासुका नावाचा जपानी गृहस्थ पत्नी इचिको व मुले यांसह मेलबर्नला उतरला. त्या काळी गोरेतरांस त्या देशात वस्ती करण्यास कायद्याने मज्जाव होता. यास वर्षावर्षाच्या सवलतीवर राहू दिले. स्वान हिलजवळ नदीकाठची पुराची जमीन त्याच्या वाट्यास आली. तीत त्याने जपानी भाताचे वाण पेरून पाहिले. कधी पुराने, कधी पाण्याच्या टंचाईने हंगाम बुडाले, बांध त्याने व त्याच्या घरच्यांनी घातले, आणि १९१४ च्या सुमारास विकण्याजोगे पीक हाती आले. पुढे १९२४ पासून लीटन भागात कालव्याच्या पाण्यावर कॅलिफोर्नियाच्या बियाण्याने भाताची व्यापारी लागवड झाली, ती आजही चालू आहे. एका हेक्टरास दहा टनांच्या आसपास उतारा पडतो. आपल्याकडे अडीच-तीन टन आले की आपण पेढे वाटतो.

परंतु त्या उताऱ्याची दुसरी बाजू पाहावी. स्वान हिलला वर्षाकाठी चौदा इंच पाऊस पडतो. आपल्याकडे शंभर इंच. सर्व मदार नदीच्या पाण्यावर. सन २००१ मध्ये त्या देशात सोळा लाख टनांच्या वर भात झाले, आणि दुष्काळात, २००८ साली, ते सुमारे वीस हजार टनांवर आले. डेनिलिक्विन येथील भाताची प्रचंड गिरणी २००७ साली बंद ठेवावी लागली. असे का व्हावे? कारण तेथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढलेला आहे. उत्तर व्हिक्टोरियात २००७ पासून तो स्वतंत्र मालमत्ता झाला; जमीन ठेवून पाणी विकता येते, पाणी ठेवून जमीन विकता येते. दुष्काळात एक मेगालिटर, म्हणजे दहा लक्ष लिटर, पाण्याचा भाव पाचशे डॉलरांच्या पुढे जातो. मग भात करण्यापेक्षा ते पाणी बदामाच्या बागायतदारास विकणे परवडते.

आम्ही ज्या तंबू-खोल्यांच्या वाडीत उतरलो होतो, तिचा मालक पूर्वी दुधाचा धंदा करीत असे. संध्याकाळी नदीकाठी त्याने आपली हकीकत सांगितली. एका वाईट वर्षी कर्ज फेडण्यासाठी त्याने पाण्याचा हक्क विकला. भाव चांगला आला. कुरणे वाळली, गाई विकल्या, आता तो प्रवाशांस खोल्या देतो. त्याच्या बोलण्यात कटुता नव्हती. कायद्याने कोणाचे फसविणे झाले नाही, असे तोच म्हणाला. त्याचा भाऊ अद्याप कोरडवाहू मसूर व हरभरा करतो, त्याची नजर दिल्लीकडे असते. २०१८ पासून हरभऱ्यावर साठ टक्के जकात होती, ती आपल्या सरकारने मे २०२४ मध्ये उठविली, तेव्हा तेथे आनंद झाला. त्याच वेळी आमच्या बाजारात हरभरा विकणाऱ्याच्या मनात काय आले असेल, ते मी त्यास सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, माझ्या चुकीने सकाळची गाडी हुकली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तेथे घड्याळे एक तास पुढे करतात; माझे मनगटी घड्याळ जुन्या वेळेवरच चालले होते. मी मोठ्या डौलाने पंधरा मिनिटे अगोदर पोहोचलो, म्हणजे पाऊण तास उशिरा. पुढील गाडी दुपारनंतर. प्रवासाला निघणाऱ्याने हा दिवस पंचांगात मांडून ठेवावा.

स्टेशनच्या बाकावर तो वेळ काढताना कुटुंबाने वहीत हिशेब पुरा केला व म्हणाल्या, “अहो, त्या बाबाने पाणी विकलं आणि आपण जमीन दिली. त्याच्याकडे खोल्या तरी राहिल्या. आपली उरलेली दोन एकरं पुतण्या म्हणतो तशी बिल्डरला दिली, तर मागे काय राहील ते मला सांगा.” मी म्हटले, “फ्लॅट राहील.” त्या म्हणाल्या, “फ्लॅटात वाल कुठे पेरू?” यावर मजजवळ उत्तर नव्हते. मनात मात्र शहापूर तालुका आला. तानसा धरण १८९२ पासून तेथे उभे, वैतरणा व भातसा तेथलीच, सर्व मुंबईची तहान भागविणारी, आणि चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाया. चौदा इंचांचा देश थेंबाचा हिशेब ठेवतो व तरी शेतकरी नदीकाठी कोरडा पडतो. शंभर इंचांचा देश हिशेबच ठेवीत नाही. कोणते वाईट, हे ठरविण्यास ती दुपार पुरली नाही.

परतीचे विमान सिडनीहून होते, म्हणून मेलबर्नहून तेथवर स्वस्त विमानाने गेलो. विमानतळास थेट जाणारी बस महाग. आम्ही ब्रॉडमेडोजपर्यंत आगगाडी व पुढे ९०१ क्रमांकाची बस धरली, ती दिवसाच्या भाड्यातच बसली. स्वस्त विमानात सात किलोंहून अधिक सामान हाती नेता येत नाही, तेव्हा कुटुंबाने दोन स्वेटर अंगावर चढविले व मी कोटाच्या खिशांत पुस्तके कोंबली. तोलकाट्याने आम्हांस पास केले.

आता खर्च. दोघांचे मिळून विमानभाडे एक लाख तीस हजार, परवाने बावीस हजार, राहणे अठ्ठ्याऐंशी हजार, तेथील सर्व आगगाड्या, बसा व ते एक विमान पंचवीस हजार, खाणेपिणे चोवीस हजार, विमा व किरकोळ सहा हजार. एकूण दोन लाख पंचाण्णव हजार रुपये. सर्वांत मोठी बचत वसतिगृहातील चुलीने केली, त्याखालोखाल शनिवार-रविवारच्या भाड्याने. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी जून-जुलै टाळावा, कारण तेव्हा तेथे हिवाळा व आपल्याकडे आवणी असते; आणि घरचे बियाणे पिशवीत घालू नये.

११ ऑक्टोबरला आम्ही टिटवाळ्यास लोकलमधून उतरलो. दुसरे दिवशी दसरा होता. पुतण्याने शेतातून भाताच्या लोंब्या आणल्या होत्या, त्या कुटुंबाने आंब्याच्या पानांत गुंफून दारास बांधल्या, व त्यास जेवावयास ठेवून घेतले. हळवे भात कापणीस आले होते. पूजेस मांडलेले विळे त्याने संध्याकाळीच धार लावण्यास नेले.