निळं बटण, राखाडी वारस

‘डब्ल्यूपीएफमध्ये सगळ्या बटणांना निळी स्टाइल दिली. मग बटणाच्या क्लासवरून माझं सेव्ह-बटण बनवलं, तर ते राखाडीच! क्लिक होणं वारशात आलं, मग रंग का नाही?’ संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका वाचकाचा हा प्रश्न. डब्ल्यूपीएफ म्हणजे बटणं-खिडक्यांची विंडोज अ‍ॅप बनवण्याचं साधन.

वारशाची कल्पना ऑस्लोची. नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना टोलनाक्यावरच्या रांगेचं कोडं पडलं होतं. रांगेत ट्रकही, बसही. रांगेला दोन्ही सारखेच. पण ट्रकात माल, बसमध्ये प्रवासी. मग ‘वाहन’ एकदाच लिहावं आणि ट्रक, बस त्यातून काढावेत! यातून सिम्युला ६७ ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडली. जावा, सी++, पायथन या सगळ्या तिच्या ऋणी आहेत. दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो थेट २००१चा, आणि २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले. इनहेरिटन्सच्या पहिल्याच तासाला ही नावं सांगायला हवीत.

त्यांच्या वारशात माहिती होती, वागणूक होती. रंगरूपाचा प्रश्नच नव्हता. तो पुढे आला आणि २००६ साली त्याला दोन उलट उत्तरं मिळाली. ऑक्टोबरमध्ये क्यूटी ४.२ हे असंच साधन आलं, तेही ऑस्लोच्याच ट्रोलटेक कंपनीचं. त्यात क्लासची स्टाइल त्याच्यावरून बनवलेल्या क्लासना, म्हणजे उपवर्गांनाही लागते. नको असेल तर क्लासच्या नावाआधी टिंब द्यायचं. नोव्हेंबरमध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये मात्र, वेगळं नाव न दिलेल्या स्टाइलची किल्ली म्हणजे ती ज्याच्यासाठी लिहिली नेमका तो क्लास. सेव्ह-बटण आपल्या किल्लीची स्टाइल आधी जवळ शोधतं, मग पॅनेलमध्ये, खिडकीत, शेवटी सबंध अ‍ॅपमध्ये. बटणाची किल्ली ते लावून बघतच नाही.

का बघू नये? समजा, पॅनेलमध्ये बटणाची स्टाइल आहे आणि अ‍ॅपमध्ये खास सेव्ह-बटणाची. जवळची घ्यायची की नेमकी? मला डब्ल्यूपीएफचा नियम पटतो, त्याचं मौन पटत नाही. त्रुटीचा संदेश येत नाही, रंग नुसता लागत नाही. अ‍ॅपची मुख्य खिडकी सहसा ‘विंडो’चा उपवर्गच असते, त्यामुळे ‘विंडो’ला दिलेली स्टाइल तिच्यापर्यंत पोचत नाही आणि नवशिके तासन्‌तास चूक शोधत बसतात. थीममधलं मूळ रूप मात्र वारशाने येतं, म्हणूनच सेव्ह-बटण निदान बटणासारखं तरी दिसतं.

उपाय सोपा आहे: सेव्ह-बटणासाठी छोटी स्टाइल लिहा आणि ‘बेस्ड-ऑन’ने ती बटणाच्या स्टाइलवर बेता. पुढे झामरिन फॉर्म्स या अशाच साधनात स्टाइलवरच एक खूण आली, ‘अप्लाय टू डिराइव्ह्ड टाइप्स’. एरवी ती बंद असते. वारसांनाही रंग द्यायचा की नाही, हे स्टाइल लिहिणारा तिथेच उघडपणे सांगतो. मला हीच रीत सर्वांत आवडते.